एक्केचाळीस पिवळे दाणे

तीर्थरूप काकांच्या चरणी साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनानेच. शरीराने फक्त मान लववली आहे, कारण कमरेत उसण भरली आहे. ती कशी भरली ते पुढे येईलच, आणि ते वाचून तुम्हाला माझी कीव येण्यापेक्षा राग येण्याची शक्यता जास्त आहे.)

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र शेजारपाजारच्या कुणाकडून वाचून घेऊ नका, पट्टी निघेपर्यंत उशीखाली ठेवा. निघाली असेल तर डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलंय, तेव्हा रोज अर्धं पानच वाचा. (पहिलं अर्धं पान निर्धोक आहे.) सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलीत का? नसेल घेतली तर आधी घ्या, वर पाणी प्या, हात असलेल्या खुर्चीत बसा आणि मगच पान उलटा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची सून खरोखरच खुशाल आहे. माझं विचाराल तर दोन महिने झोप उडाली आहे, दारात पोस्टमन दिसला की मी मागच्या दाराने निघतो, आणि परवा साहेबांनी नुसती हाक मारली तर मी उभा राहून चूक झाली म्हणालो. त्यांना फक्त कागदाला भोकं पाडायचं यंत्र हवं होतं.

आता मुद्द्याकडे येतो. (येतो म्हणजे त्या दिशेने निघतो.) माझ्यावर कसली जबाबदारी होती हे मी विसरलो नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सगळं पुन्हा लिहून काढतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, एकामागून एक, यंदा वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून तुम्ही तुमच्या पांढऱ्या मक्याचे शेवटचे साठ दाणे दंतमंजनाच्या डबीत कापूस घालून माझ्याकडे पाठवलेत. एकवीस वर्षांपूर्वी बाबांनी आणि तुम्ही मिळून हा वाण धरला. प्रत्येक रोपाला त्याचाच पराग, दुसऱ्याचा कणभरही नाही, हा तुम्हा दोघा भावांचा नेम. बाबा गेले तरी तो तुम्ही एकट्याने पाळलात. आता बियाणे-संग्रहालयाचा फॉर्म आला आहे. महिनाअखेरपर्यंत शंभर स्वच्छ दाणे आणि एक प्रतिज्ञापत्र द्यायचं: या वाणाला एकवीस वर्षांत बाहेरचा पराग लागलेला नाही. खाली वाण राखणाऱ्यांची नावं, बाबांचं आणि तुमचं. तुम्ही लिहिलंत की फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय, सही तेवढी दाणे हातात आल्यावर करणार. म्हणजे तुमची सही आणि बाबांचं नाव, दोन्ही माझ्या डबीवर अडून बसलंय. काका, मला साधा गॅस बंद केलाय की नाही हे बघायला जिन्यावरून तीनदा परत यावं लागतं. अशा माणसाच्या हाती तुम्ही हे दिलंत.

डबीबरोबर तुमचं चार पानी सूचनापत्र होतं, सव्वीस कलमांचं. मी ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं आणि अक्षरशः पाळलं. कणसाचे केस दिसण्याआधी कणसावर पिशवी. तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी पिशवी. सकाळी दव सुकल्यावर तुरा झाडायचा, पिशवीत जमलेली भुकटी त्याच रोपाच्या केसांवर ओतायची, लगेच पुन्हा झाकायचं. (हे सगळं मी कामावर निघायच्या आधी, चहासुद्धा न घेता करत असे.) कलम एकोणीस जरा अवघड गेलं. चारही दिशांना दोनशे पावलांत दुसरा मका नाही ना हे तपासावं, आणि 'मोजायला न्हाणीघराच्या पुढून सुरुवात करावी, मागे बघत बसू नये'. आता तुमचं न्हाणीघर अंगणात, आमचं घराच्या आत, मधोमध. पण कलम ते कलम. मी साबणाच्या वडीपाशी उभा राहून एक म्हणालो, दोन-तीन-चार करत स्वयंपाकघरातून, तुमच्या सुनेच्या अंगावरून (ती कणीक मळत होती), मागच्या दाराने अंगणात उतरलो. असं चार वेळा, चार दिशांना. तिने त्या दिवसापासून माझ्याकडे एका ठरावीक नजरेने बघायला सुरुवात केली आहे, ती अजून थांबलेली नाही.

साठांतले तेवीस उगवले. तेवीसांतले एकोणीस जगले. मी लिहिलं नाही तुम्हाला, म्हटलं पट्टी आहे डोळ्यावर, कशाला. वाढले ते माझ्या कमरेएवढे. (माझी कंबर कुठे येते ते तुम्हाला माहीत आहे, लहानपणी तुम्हीच मला बुटकं म्हणून चिडवायचात.) पानं रुंदीला फितीएवढी, कणसं गुडघ्याच्या पातळीवर. ज्या मक्यात मी एकेकाळी उभाच्या उभा हरवून जायचो, त्या मक्यावर पिशवी चढवायला मला दुमडून घडी व्हावं लागत होतं. उसण भरली ती तिथे. पण काका, उसण ही या गोष्टीतली सगळ्यात किरकोळ इजा आहे.

माझी नोकरी काय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही ती कधी मनापासून मानली नाहीत हेही मला ठाऊक आहे. बियाणे केंद्रात मी सकाळभर एका पिवळ्या मक्याचे तुरे झाडतो आणि तो पराग दुसऱ्या पिवळ्या मक्यावर टाकतो. म्हणजे पगार परपरागणाचा घेतो आणि घरी येऊन तुमच्यासाठी स्वपरागण करतो. केंद्रावर पाहुणे आले की फायदे-तोटे सांगायचं कामही माझ्याकडेच. ते मला इतकं पाठ आहे की झोपेतही म्हणतो असं तुमची सून सांगते. स्वपरागणाचं भलं काय, तर कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत. वारा आला नाही, माशी फिरकली नाही, अडत नाही. पराग वाया जात नाही. आणि मुख्य म्हणजे जसे आईबाप तसंच लेकरू, चांगला गुण हातचा जात नाही. वाईट काय, तर वाईट गुणही हातचा जात नाही. घरातलंच दुखणं घरात फिरत राहतं, पिढीगणिक अंग उतरतं, नवा रोग आला तर सगळे एकाच वेळी आडवे. परपरागणात रोपं जोमाने उठतात, वेगवेगळी होतात, एक पडलं तरी दुसरं तग धरतं. पण तिथे सगळा भरवसा परक्यावर. वारा, माशी, शेजार. ढीगभर पराग उधळावा तेव्हा चिमूटभर लागतो, आणि जे येईल ते कुणासारखं येईल याची हमी नाही. इतकं सांगून मी पाहुण्यांना केंद्रातली दोन रोपं दाखवतो, नऊ पिढ्या स्वतःतच राखलेली, माझ्या कमरेएवढी. आणि मग त्या दोघांचं लेकरू दाखवतो, हात वर केला तरी तुऱ्याला टेकत नाही. पाहुणे आ वासतात. मी वीस वर्षं हे दाखवतोय, आणि घरी कमरेएवढ्या मक्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. बोललो नाही एवढंच.

तर दोनशे पावलांची तपासणी. एकतिसाव्या पावलावर थबकलो. कुंपणापलीकडे आमचे शेजारी घड्याळजी राहतात, घड्याळं दुरुस्त करतात, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पेरलं होतं, आणि जगातल्या सगळ्या वनस्पतींतून त्यांनी पिवळा मका निवडला होता. बावीस रोपं, तुरे निघायच्या बेतात. मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी गेलो आणि अर्धा तास त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळांचं कौतुक करून झाल्यावर म्हणालो की तुमचे सगळे तुरे कापाल का. त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. का म्हणून विचारलं नाही, एवढंच विचारलं की घड्याळातला एक काटा काढला तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही, कणसांचं तसं नाही ना होणार? काका, मी नाही म्हणालो. मी, तुऱ्याशिवाय दाणा नाही हे वीस वर्षं पाहुण्यांना समजावणारा माणूस, त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणालो की काही काळजी करू नका. सुट्टीच्या दिवशी त्यांनी बावीसच्या बावीस तुरे कात्रीने कापले आणि कागदात गुंडाळून मला आणून दिले, मला लागत असतील म्हणून. मी ते जाळले. (तुमची सून म्हणाली, आता राखही पुरून टाक. मी पुरली. ती थट्टा करत होती हे मला नंतर कळलं.)

इतकं झाल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण माझा जीव कसला भांड्यात पडतोय. पराग ओतला, पिशव्या बांधल्या, आणि कामावर जाताना वाटेत मनात आलं की तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या रोपाची पिशवी नीट बांधली का? वाऱ्याने उडाली तर? आत मुंगी शिरली तर? केस वाळले तर? मग दुपारच्या सुट्टीत घरी. केंद्रातून घर सायकलने आठ मिनिटं. सायकल भिंतीला टाकून तसाच मका गाठायचा, घडी व्हायचं, पिशवी अलगद उचलायची, आत डोकावायचं, सगळं ठीक आहे असं बघून पुन्हा बांधायची. मग ती पुन्हा बांधलेली नीट बांधली गेली का हे बघायला परत उघडायची. सलग आठ दिवस. तिसऱ्या ओळीतल्या पाचव्याची मला विशेष काळजी होती, आणि पहिल्या ओळीतल्या दोघांची. त्यांच्या पिशव्या मी दिवसातून चार-चारदा उघडल्या असतील. एखाद्या आजाऱ्याची चादर कुणी इतक्यांदा वर केली तर तो काळजीनेच दगावेल. पण मला वाटत होतं मी राखण करतोय.

कणसं वाळली, सोलायला बसलो. चौदा कणसांत दाणे धरले होते, बोटाएवढी कणसं, विरळ दाणे, पण पांढरेशुभ्र. एकेक सोलून बाजूला ठेवत होतो. बारावं कणीस तिसऱ्या ओळीतल्या पाचव्याचं. पाल्याचा शेवटचा पापुद्रा ओढला. मधोमध पिवळे. तळाशी दोन, शेंड्याला एक. पहिल्या ओळीतल्या दोघांतही तेच. तिन्ही मिळून एक्केचाळीस. मी सात वेळा मोजले, दर वेळी एक्केचाळीसच भरले. पिवळ्या मक्याचा पराग पांढऱ्यावर पडला की दाणा त्याच हंगामात पिवळा होतो, पुढच्या वर्षाची वाट बघत नाही, हे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते नेहमी टाळ्या वाजवतात. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

त्याच वेळी घड्याळजी आले. हातात त्यांचं कणीस. बावीस रोपांत मिळून जेमतेम मूठभर दाणे, कणसं म्हणजे दात पडलेली तोंडं. रागावले नाहीत, फक्त विचारायला आले होते की आपलं कुठे चुकलं. आणि समोर टेबलावर माझे पिवळे दाणे. मी त्यांना सगळं सांगितलं, तुऱ्यांचं खोटंसुद्धा. ते खुर्ची ओढून बसले, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, आणि म्हणाले की माझे तुरे तर कापलेले होते, मग हे आले कुठून? एखादं घड्याळ का थांबलं हे शोधतात तसं त्यांनी सगळं बघितलं. पिशव्या बघितल्या, दोरा बघितला. मग खुंटीवरची माझी टोपी काढली. (लोकरीची, कामावरची. मी ती हंगामात धुवत नाही, आटते.) तिच्या विणीत भिंग घालून बराच वेळ बघत राहिले आणि टोपी माझ्या हातात दिली. प्रत्येक टाक्यात पिवळी धूळ बसली होती. सकाळभर केंद्रात तुरे झाडायचे, तो सगळा पराग डोक्यावर घेऊन आठ मिनिटांत घरी यायचं, आणि तीच टोपी तुमच्या मक्याच्या उघड्या केसांवर झुकवून आत डोकावायचं. वारा नव्हता, माशी नव्हती, घड्याळजी नव्हते. मीच होतो. मका कमरेएवढा नसता तर मला इतकं वाकावं लागलं नसतं, असं मी स्वतःच्या बचावासाठी म्हणून बघितलं. घड्याळजी म्हणाले की हो, तेही आहे. मग त्यांनी चहा घेतला आणि गेले. त्यांना पुढच्या हंगामात दोन ओळी पेरून देण्याचं मी कबूल केलं आहे.

आता हिशेब सांगतो, गोळी घेतली असेलच. एकूण दाणे तीनशे अकरा. त्यांतले एक्केचाळीस पिवळे वेचून काढले. उरले दोनशे सत्तर पांढरे, आणि त्यांना पिवळ्याचा स्पर्श नाही याची मी हमी देतो. कारण पिवळा मोठा प्रामाणिक, पडला की लगेच तोंडावर सांगतो. (पांढऱ्यावर दुसरा पांढरा पडला तर मात्र देवालाही कळायचं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.) तोच फॉर्म आमच्या केंद्रातही आहे, त्यावर बारीक अक्षरात अशी अट आहे की शंभरांतले ऐंशी दाणे उगवले पाहिजेत. ती तुम्ही वाचली नसेल, डोळ्यांमुळे. मी दहा पांढरे दाणे ओल्या फडक्यात ठेवले. तीन उगवले. पुन्हा दहा ठेवले. दोन. मग त्या एक्केचाळीस पिवळ्यांचं काय करायचं, फेकवेना, म्हणून ते गच्चीवर जुन्या बादल्यांत खोचले. पाचव्या दिवशी चाळीस वर आले, एक चिमणीने नेला. काल बघितलं तर माझ्या छातीला लागतायत, आणि अजून तुरा यायचाय. तुमची सून रोज त्यांना पाणी घालते आणि माझ्याशी न बोलता खाली येते.

तर काका, मी चुकलो. पांढऱ्यांची डबी या पत्राबरोबरच निघते आहे. मला बोलायचं ते बोला, चार ओळींत किंवा चार पानांत. पण उत्तर धाडा, कारण तुमचं गप्प बसणं मला सोसत नाही. तब्येतीला जपा, दुपारच्या उन्हात डोळा उघडा टाकून फिरू नका, आणि जिन्यावरचा दिवा लावल्याशिवाय खाली उतरू नका.

तुमचा,
टोपीवाला पुतण्या

ता. क. तुमच्या सुनेने पत्र वाचलं. म्हणाली, नऊ पानं लिहिलीस आणि लिहायचं ते लिहिलंच नाहीस. तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल की पिवळे वेचून झाले, पांढरे स्वच्छ आहेत, मग याची पोस्टकार्डावर मावेल एवढ्या गोष्टीसाठी झोप का उडाली? काका, माझी विनंती आहे की त्या फॉर्मवर सही करू नका. एक्केचाळीस दाण्यांसाठी नव्हे. ते प्रतिज्ञापत्र खरं नाही, आणि ते मला अकरा वर्षांपासून माहीत आहे.

ता. क. दुसरा. हे उभ्याने लिहितोय, बसलो तर लिहून होणार नाही. काकूच्या माहेरी पांढरा मका असायचा, तुमच्यासारखाच दिसणारा. त्याचे मूठभर दाणे मी तिला दोनदा आणून दिले, केंद्राच्या कामाला तिकडे जायचो तेव्हा. पहिल्यांदा मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तिने मला न्हाणीघराच्या मागे नेलं. तिथे सांडपाण्यावर सहा रोपं उभी होती, तुम्हाला वाटायचं तिथे भाजी असते. तुम्ही सकाळी दाढीला बसलात की ती त्यांचा पराग कागदाच्या पुडीत घ्यायची आणि तुमच्या चार-पाच कणसांच्या पिशव्या उचलून आत टाकायची. पांढऱ्यावर पांढरा. एक-दोन वर्षं आड करून, बाबा होते तेव्हापासून. पुढच्या वर्षी त्यांतली रोपं सगळ्यांत उंच व्हायची, आणि तुम्ही बियाण्याला नेमकी त्यांचीच कणसं निवडायचात आणि मला दाखवायचात की बघ, शुद्ध वाण कसा असतो ते. ती पदराने तोंड पुसायची. मी तिला म्हणालो, काकू, हे त्यांना कळलं तर? ती म्हणाली, "ते वाण राखतात ना, राखू देत. मला मका जगवायचाय." मला शपथ घातली, आणि ती असेपर्यंत मी पाळली. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी पाळत होतो. ती गेल्यावर तुम्ही मला लिहिलं होतंत की ती गेली आणि मकाही रुसला. ते पत्र वाचून मी कचेरीच्या मागे जाऊन रडलो, आणि तरी सांगितलं नाही. मका रुसला नव्हता काका. सहा वर्षं तो खरोखर एकटा होता, एवढंच. माझी चूक पिवळी होती म्हणून दिसली. तिची कुणाला दिसली नाही, आणि ती चूकही नव्हती.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी तुमचं सूचनापत्र परत पाठवावं म्हणून दारावरून काढलं. डबीबरोबर घालतोय. काढताना कलम एकोणीस पुन्हा वाचलं. 'मोजायला न्हाणीघराच्या पुढून सुरुवात करावी, मागे बघत बसू नये.' इतके महिने मी रोज त्या दारातून ये-जा केली, साबणाच्या वडीपासून पावलं मोजली, आणि मला वाटलं ही तुमची जुनी सवय कागदावर उतरली. काका, मागे काय आहे हे ज्याला माहीत नाही तो मागे बघू नये असं कशाला लिहील?

मी दहा मिनिटं पाय दुमडून इथे बसून आहे. तुम्ही दोनशे पावलं चारही दिशांना तपासायचात, लोकांच्या अंगणात शिरून भांडायचात, आणि स्वतःच्या न्हाणीघराच्या मागे एकदाही गेला नाहीत. पंधरा वर्षं. मला त्याचं उत्तर नको आहे. तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही तर लिहूही नका. फॉर्म पुढच्या वर्षी भरू, नावं दोनाऐवजी तीन घालू, आणि ते प्रतिज्ञापत्र खोडून टाकू, संग्रहालयवाल्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

काकूच्या भावाकडून मी मूठभर दाणे मागवून ठेवले आहेत. पेरणीच्या आधी दोन दिवस सुट्टी काढून येतो, टोपी धुऊन. न्हाणीघराच्या मागे सहा खड्डे करीन. तुम्ही दाढी करून घ्या आणि नेहमीसारखे पुढूनच मोजायला लागा.